ठाण्याला ठेवलेले मटार

आमचे अण्णा वारले, तेव्हा त्यांचे मटार ठाण्याला बर्फात होते.

हे वाक्य मी ज्याला ज्याला सांगितलं, त्याने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या बायकोकडे पाहिलं. बायको दर वेळी मान हलवून म्हणते, "खरं आहे हो. यांनीच ठेवलेले." म्हणजे दोष कुणाचा हे पहिल्या मिनिटालाच ठरून जातं! तर आता सगळं सुरुवातीपासून सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा. आम्हाला त्या वेळी फारसं आलं नव्हतं.

सुरुवात झाली भोगीच्या जेवणावरून. साल असेल पन्नास-एक्कावन्न. माझी धाकटी बहीण कुसुम लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला डोंबिवलीला आलेली, बरोबर नवे जावई. पानावर बसल्यावर ती सहज म्हणाली, "अण्णा, मटारची उसळ खावीशी वाटते हो." अण्णा पोस्टमास्तर. तीस वर्षं खिडकीच्या आतून बोलण्याची सवय. खिडकीच्या बाहेरच्या माणसाशी गोड बोलायचं असतं हे पोस्टाच्या कुठल्याच नियमात नव्हतं, त्यामुळे त्यांना ते माहीतही नव्हतं. ते म्हणाले, "इथे काय मटाराचं शेत लावलंय का मी?"

"अहो, जावई बसलेत," आई हळूच म्हणाली.

"मग काय झालं? त्यांनी तरी लावलंय का?"

कुसुमने पानावरचा हात उचलला. "शेत लावाल ना अण्णा, तेव्हाच येईन जेवायला!" असं म्हणून दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन रत्नागिरीला निघून गेली. (ती हुबेहूब अण्णांवर गेली आहे. हे दोघांपैकी एकालाही सांगायची सोय नव्हती.)

चार वर्षं ती आली नाही. पत्रं यायची, ती आईला. शेवटी एक ओळ असायची, 'अण्णांस सा. नमस्कार.' अण्णा पत्र हातात घ्यायचे, तेवढी ओळ वाचायचे आणि परत द्यायचे. आई म्हणायची, "तुम्ही लिहा ना दोन ओळी." त्यावर अण्णांचं उत्तर ठरलेलं, "तीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली. आता लिहायचं काम मला सांगू नकोस." आणि खरंच, त्यांनी पोरीला एक अक्षर लिहिलं नाही.

त्यांनी काय केलं, तर रिटायर झाल्यावर परसात मटार लावले!

डोंबिवलीत मटार! तेव्हा डोंबिवलीत भात व्हायचा, गवत व्हायचं, डास तर बारमाही व्हायचे. पण मटाराला थंडी लागते, आणि आमची थंडी म्हणजे पहाटे चादर ओढायची आणि सात वाजता फेकून द्यायची, एवढीच. पहिल्या वर्षीचं सगळं बी मुंग्यांनी नेलं. दुसऱ्या वर्षी वेल हातभर वर आले, तर शेजारची शेळी कुंपणातून आत आली आणि एका बैठकीत अख्खं शेत संपवून गेली. अण्णांनी शेळीच्या मालकाला रजिस्टर पत्र धाडलं. मालक भिंतीपलीकडेच राहायचा; आम्ही शिंकलो तर त्याला ऐकू जायचं. आई म्हणाली, "शेळीला पत्र लिहाल, पोरीला लिहायचं नाही!"  त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत.

तिसऱ्या वर्षी त्यांनी कंबर कसली. कुंपणाला काटे लावले, वेलांवर ओली पोती बांधली, आणि थंडी पुरेशी आहे की नाही हे पाहायला रोज पहाटे नुसत्या गंजिफ्रॉकवर वेलांमध्ये उभे राहू लागले. "मला वाजतंय," ते खूश होऊन सांगायचे, "म्हणजे त्यांना बरं वाटत असणार!" महिन्याभरात वेलांना फुलं आली आणि अण्णांना खोकला आला. फुलांचं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. खोकल्याचं कुणाला सांगितलं नाही.

पौष संपता संपता एक घमेलं भरून शेंगा निघाल्या. मी कौतुकाने एक शेंग सोलून तोंडात टाकायला गेलो, तर अण्णांनी माझं मनगटच धरलं. "दत्तू! ती कुसुमची आहे."

आईने त्याच दिवशी कुसुमला पत्र टाकलं, ये म्हणून. (मटारांचं लिहायचं नाही, अशी अण्णांची सक्त ताकीद. "आल्यावर पानात पडू दे. तेव्हा बघेल.") कुसुमचं उत्तर आलं, यांना रजा चैत्रात मिळेल, तेव्हा येते. म्हणजे दोन महिने! आता अण्णांना थांबायची सवय होती, पण मटारांना कुठली असणार?

"वाळवून ठेवा," आई म्हणाली.

"वाळलेले वाटाणे वाण्याकडे मिळतात. त्याला शेत लावावं लागत नाही."

"मग आता आणखी काय करणार?"

इथे मी तोंड उघडलं. तिथे जर मी गप्प बसलो असतो, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मी ठाण्याला कचेरीत कारकून. माझं सगळं ज्ञान रद्दीतून आलेलं. रद्दीतल्या एका विलायती मासिकात मी चित्र पाहिलं होतं. एक मडम कपाटातून मटार काढते आहे, आणि मटारांवर बर्फ! मी छाती पुढे काढून म्हणालो, "अण्णा, मटार गोठवता येतात. वर्षभर हिरवेगार राहतात."

"कसे?"

"आधी एक मिनिट उकळत्या पाण्यात, मग गार पाण्यात, मग बर्फात."

"आधी उकळायचे आणि मग गोठवायचे?" आई म्हणाली. "त्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

पण अण्णा ताठ उठून बसलेले. इतके दिवस खोकणारा माणूस तासाभरात शेजारून आइस्क्रीमचा पॉट मागून घेऊन आला. मी ठाण्याहून पोत्यात भुसा घालून बर्फ आणला, जाडं मीठ टाकलं, आणि आम्ही बापलेक आळीपाळीने दांडा फिरवू लागलो. दोन तास! गल्लीतल्या लोकांना वाटलं आज यांच्याकडे आइस्क्रीम आहे. वाट्या घेऊन माणसं ओट्यावर येऊन बसली. शेवटी झाकण काढलं. मटार गोट्यांसारखे कडक झाले होते. अण्णांनी मूठभर ताटात टाकले, खडखड वाजले, आणि त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते मी चार वर्षांत पाहिलं नव्हतं. वाट्यावाले लोक ताटात डोकावून मुकाट घरी गेले. संध्याकाळपर्यंत मटारांचं पाणी पाणी झालं.

"रोज बर्फ पाहिजे," अण्णा म्हणाले. "असा बर्फ कुठे असतो?"

"ठाण्याला," मी म्हणालो. "खाडीकडे बर्फाचा कारखाना आहे. मटार ठाण्याला ठेवू."

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "मटारांना कशाला? तुम्हा दोघांनाच ठेवा ठाण्याला!" (ठाण्याला काय आहे हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. वेड लागलेल्या माणसाला आमच्याकडे डॉक्टरचं नाव सांगत नाहीत, गावाचं नाव सांगतात.)

राहिलेले मटार अण्णांनी स्वतः वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात भरले. झाकणाला कापडाची पट्टी लावली, पोस्टातल्यासारखी लाख ओतली. मग पार्सलाला लावतात तसा कापडी तुकडा घेऊन, ओली केली की जांभळी उमटणारी कॉपिंग पेन्सिल जिभेला लावून, माझ्याकडे पाठ करून काहीतरी लिहिलं. तो तुकडा घडी घालून शिवला, त्यावर पुन्हा लाख, आणि सुतळीने डब्याला बांधला. मी वाकून बघायला गेलो, तर म्हणाले, "पोस्टमास्तरच्या पोराने दुसऱ्याचं टपाल वाचू नये."

आता खरी गोम. कारखान्याचा माणूस मला म्हणाला, "आम्ही बर्फ विकतो. भाजी सांभाळत नाही." डबा हातात घेऊन मी ठाण्याच्या रस्त्यात उभा! तेवढ्यात हिराबाई दिसली. ही कोळीण मासळी विकायची. तिच्या घराच्या कागदांची नक्कल मिळवून द्यायला मी कचेरीत थोडी मदत केलेली, तेव्हापासून तिला माझं फार कौतुक.

"काय साहेब, तोंड असं का?"

मी सगळं सांगितलं. म्हातारा, पोरगी, शेत, खोकला. ती डोक्यावरची पाटी उतरवून रस्त्यातच बसली आणि डोळे पुसायला लागली. "आणा तो डबा," म्हणाली. "माझ्या पेटीत रोज बरफ-मीठ पडतंच. पापलेट ठेवते मी, तुमचा मटार मना काय जड हाय?"

हिराबाईची पेटी म्हणजे आतून पत्रा मारलेली लाकडी पेटी. अर्ध्या भागात पापलेट, अर्ध्यात बोंबील, आणि आता कोपऱ्यात आमचा डबा. आमच्या घरात मासळी हा शब्दसुद्धा हळू आवाजात म्हणतात. मी घरी येऊन सांगितलं, "कारखान्यात ठेवले." आयुष्यात मी अण्णांशी खोटं बोललो ते तेवढंच. (म्हणजे मोठं तेवढंच.)

त्यानंतर रोज संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की अण्णांचा पहिला प्रश्न, "मटार कसे आहेत?" दवाखान्यात ठेवलेल्या माणसाची चौकशी करावी तसा! मी म्हणायचो, "बरे आहेत." अण्णा म्हणायचे, "बर्फ पुरेसा घालतात ना? त्यांना म्हणावं, कंजूषपणा नको." आणि मग खोकायचे. इकडे मटार बरे होते आणि अण्णांचं रोज थोडं थोडं खाली चाललेलं. डॉक्टर म्हणाले छाती धरली आहे. पहाटेचं गंजिफ्रॉक कुणाला आठवलं नाही. मला आठवलं, पण मी बोललो नाही.

होळी झाली, आणि चौथ्या दिवशी दुपारी चहाचा कप हातात असताना अण्णा गेले. शेवटचं काय बोलले असं लोक विचारतात. मी खरं सांगत नाही. ते म्हणाले होते, "चैत्र कधी लागतो रे?"

कुसुम तार मिळताच निघून चौथ्या दिवशी आली. रडली नाही. परसात काठ्यांवर वाळून गेलेले वेल तिला दिसले. आई म्हणाली, "तुझ्यासाठी लावलेले गं. तीन वर्षं लागले होते मागे."

 कुसुम म्हणाली, "मला कुठे लिहिलं त्यांनी? एक ओळ तरी?"

 ती तशीच कोरड्या डोळ्यांनी घरात वावरायची, ताटावर बसायची आणि दोन घास खाऊन उठायची. आईने त्याहून वेगळं धरलं. "जीव मटारात अडकलाय त्यांचा," ती म्हणायची. "कुसुमच्या पानात पडल्याशिवाय ते जायचे नाहीत. बघा, कावळा शिवणार नाही." आणि नवव्या दिवशी तिने मला बजावलं, "दत्तू, उद्या कल्याणला पिंडापुढे त्यांचे मटार पाहिजेत. राहतील ते कुसुमला. आणि दर्भाचा कावळा करून वेळ मारून न्यायची नाही. सांगून ठेवते."

दहाव्याच्या दिवशी सकाळी मी हिराबाईच्या दारात उभा राहिलो. माझं तुळतुळीत डोकं बघून ती काय समजायचं ते समजली. "म्हातारबा गेलं?" एवढं म्हणून तिने जो गळा काढला, तसा आमच्या घरात कुणी काढला नव्हता. मग डबा आणला. पण तो डबा आमचा नव्हता!

"तुमचा गंजला, साहेब. बुडाला भोक पडलं. म्हणून मी माझ्या चांगल्या डब्यात काढलं."

"चांगल्या म्हणजे?"

"बोंबलाच्या. राख लावून घासला हाय, तुमची आण!" आणि तिने त्या डब्याला सुतळीने बांधलेला तो कापडी तुकडा दाखवला. "ह्यो म्हाताऱ्याच्या हातचा. ह्यो मी फेकला नाय."

मी डबा नाकाला लावला. काही वास आला नाही. मला समाधान वाटलं. (नऊ दिवस गार पाण्याने आंघोळी करून माझं नाक बंद झालेलं, हे मला सुचायला हवं होतं.) गाडीत माझ्या बाकावरची माणसं एकेक करून उठून लांब गेली. मला वाटलं, सुतक बघून.

कल्याणला खाडीकाठच्या घाटावर सगळे खोळंबलेले. गुरुजींनी पिंड मांडला. समोरच्या पिंपळावर आठ-दहा कावळे होते. सगळे आमच्याकडे पाठ करून बसलेले. बंडूकाकांनी, म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावाने, सुरुवात केली. "अण्णा, वहिनीला आम्ही अंतर देणार नाही!" कावळे ढिम्म. मी म्हणालो, "अण्णा, परसातले वेल मी राखीन." एकाने पंख खाजवले. काका घाम पुसत म्हणाले, "अण्णा, तुझी छत्री माझ्याकडे आहे. ती मी उद्याच आणून देतो!" एक कावळा वळला, आमच्याकडे नीट पाहिलं, आणि पुन्हा पाठ केली. बहुतेक त्याचा काकांवर विश्वास बसला नसावा.

"काही आवडीचं ठेवा," गुरुजी म्हणाले.

हिराबाईने बर्फ घालून दिलेलं पोतं सोडून मी डबा काढला, उघडला आणि उलटा केला. काही पडलं नाही. चापट मारली. तरी नाही. सात आठवडे वितळून आणि पुन्हा गोठून मटारांची एकसंध वीट झालेली!

"हे काय?" गुरुजींनी विचारलं.

"मटार."

"मटार मला माहीत आहेत. हे काय?"

मग दहाव्याचे विधी बाजूला राहिले आणि मटार वितळवायचे विधी सुरू झाले. काकांनी डबा उन्हात ठेवला. कुणी म्हणालं कोमट पाणी ओता, कुणी म्हणालं पळीने उचका. गुरुजींनी पळी द्यायला साफ नकार दिला. काकांनी डबा पायरीवर आपटला, तो गडगडत दोन पायऱ्या खाली गेला, आणि मी, आमच्या अण्णांचा कर्ता मुलगा, डोक्यावर चटके सोसत, डबा पोटाशी धरून ऊब देत बसलो. अर्धा तास गेला. गुरुजींनी दर्भ हातात घेतला आणि घड्याळाकडे बघत त्याचा कावळा वळायला सुरुवात केली.

त्या दर्भाकडे बघून मला एकदम भडभडून आलं. वाटलं, कावळ्याचा काय दोष? हा माणूस शेवटच्या दिवसापर्यंत 'मटार कसे आहेत' विचारत राहिला आणि मी तोंडावर खोटं सांगत राहिलो. मी डब्यावर डोकं टेकवून पुटपुटलो, "अण्णा, ते कारखान्यात नव्हते हो. हिराबाईकडे होते. मासळीच्या पेटीत. माझं चुकलं."

"काय म्हणालास?" काकांनी विचारलं.

"मंत्र."

आणि तेवढ्यात पोटाच्या उबेने वीट सुटली. धप्पकन पिंडाशेजारी पडली, दुभंगली, आणि आतला वास बाहेर आला! माझ्या बंद नाकालासुद्धा कळला, म्हणजे विचार करा. पिंपळावरचे सगळे कावळे एकदम वळले. खाडीवरचे आले, स्टेशनकडचे आले, कुठून कुठून आले. गुरुजी "अहो, अहो!" करत मागे सरकले. पहिल्याच कावळ्याने पिंडाला चोच लावली, बाकीच्यांनी मटारांचा फडशा पाडला. बंडूकाका हात जोडून ढसाढसा रडत होते. "शिवला! अण्णा, तृप्त झालास रे!" मग नाक वर करून म्हणाले, "हा वास कसला?"

"खाडीचा," मी म्हणालो.

डब्याच्या तळाला वाटीभर मटार चिकटून राहिलेले, ते घरी आणले. कावळा क्षणात शिवला हे कळल्यावर आई दहा दिवसांत पहिल्यांदा भिंतीला टेकून बसली. "आत्ताच्या आत्ता उसळ टाक," तिने माझ्या बायकोला सांगितलं. बायकोने डबा उघडला आणि माझ्याकडे असं बघितलं, की कुठला कारखाना, हे वेगळं विचारायची गरज राहिली नाही. तिने मुकाट्याने हिंगाची डबी उपडी केली. आलं घातलं, जिरं घातलं, पुन्हा हिंग घातला. आईला तपकिरीची जन्माची सवय, तिच्या नाकापर्यंत काही पोचत नव्हतं. शेजारच्या भिंतीपलीकडून मात्र शेळीच्या मालकाने खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला.

कुसुमच्या पानात उसळ पडली. ती हात न लावता बसून राहिली. मला काय करावं सुचेना. तेवढ्यात त्या कापडी तुकड्याची आठवण झाली. सुतळी कापून मी तो तिच्या हातात दिला. "तुझ्या नावाचा आहे. मी वाचला नाही."

तिने लाख फोडली, टाके उसवले. बर्फाच्या ओलीने कॉपिंग पेन्सिल सगळीकडे जांभळी पसरलेली, पण अण्णांचं पोस्टातलं अक्षर ते, पुसून पुसून किती पुसणार? आत दोन ओळी होत्या.

'चि. सौ. कुसुम हीस. शेतातले आहेत. आता जेवायला ये. – अण्णा.'

कुसुमने तो तुकडा मांडीवर ठेवला, आणि चार वर्षं आणि सहा दिवस आत दाबून ठेवलेलं सगळं रडणं तिने त्या पानावर बसून रडून घेतलं. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मग कुसुमने डोळे पुसले, एक घास घेतला, आणि थांबली. हळूच माझ्याकडे वाकली.

"दादा, बोंबील?"

"तुला कसं कळलं?"

"रत्नागिरीला आमच्या शेजारी रोज वाळत असतात."

मी हळूच म्हणालो, "बाजूला सार गं. आईला मी सांगतो काहीतरी."

"का म्हणून?" तिने पान जवळ ओढलं. "शेतातले आहेत." आणि तिने वाटीभर उसळ शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ली. आई बघत होती आणि पदर डोळ्यांना लावत होती.

आई पुढे खूप वर्षं जगली. आल्यागेल्याला सांगायची, आमच्या दत्तूने मटार राखले म्हणून यांना कावळा क्षणात शिवला. मी मान खाली घालून ऐकायचो. लोकांना वाटायचं विनय. कावळे माझ्या खरं बोलण्याला आले की बोंबलाला, ह्याचा मी अजून कधीकधी विचार करतो. पण खरं बोलण्याला कावळे येत असते तर कचेरीत इतकी वर्षं एक तरी दिसला असता.

आता माझंही वय झालं. परवा मी घरात सांगून टाकलं, माझ्या दहाव्याला आणाभाका नकोत, आवडीनिवडी नकोत. पिंडाशेजारी चार सुके बोंबील ठेवा. कावळा लगेच येईल आणि लोक म्हणतील, काय तृप्त माणूस होता!

बायको म्हणाली, "ठेवीन की. पण गावातले लोक तुम्हाला ओळखतात. ते म्हणतील, माणूस वर पोचला, पण डोकं अजून ठाण्यालाच ठेवलेलं दिसतंय."